मैदानावरचा एक तास : राष्ट्र सेवा दलाची पंचाहत्तर वर्षे

४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची स्थापना झाली. त्या घटनेला २०१६ मध्ये पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. स्वातंत्र्याची लढाई, पंढरपूरचा मंदिरप्रवेश, गोवामुक्ती, आणीबाणी, किल्लारीचा भूकंप अशा अनेक प्रसंगी दलाचे सैनिक पुढे होते. दलातून लोकप्रतिनिधी निघाले, तसेच लेखक, नट, नर्तक, कामगारांचे पुढारी आणि हजारो शिक्षकही निघाले. या सगळ्यांच्या घडणीच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतच्या वेळातला एक तास बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी राखून ठेवायचा आणि त्या तासाची सूत्रे त्यांच्याच हाती द्यायची. हे दलाचे मूळ काम. मोहिमा आणि लढे त्यातूनच उभे राहिले. म्हणून हा इतिहासही त्या तासाचाच धागा धरून मांडला आहे.

पूर्वपीठिका : १९२३ ते १९४१

स्वयंसेवकांना शिस्तीचे शिक्षण द्यावे, हा विचार महाराष्ट्र-कर्नाटकाला नवा नव्हता. १९२३ साली काकीनाडा काँग्रेसच्या वेळी डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी हिंदुस्थानी सेवा दल स्थापन केले. हुबळीचे हे डॉक्टर कवायत, शिबिर आणि सेवा या तिन्हींची सांगड घालू पाहत होते. पुढे सरकारी दडपशाहीत ते काम विस्कळीत झाले, पण त्याचे बी रुजलेले होते.

त्याच सुमारास खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये पांडुरंग सदाशिव साने नावाचे एक शिक्षक वेगळ्याच वाटेने जात होते. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे त्यांनी तिथे शिकवले आणि छात्रालयही सांभाळले. मुलांच्या खोल्या झाडाव्या, त्यांचे अंथरूण नीट करून ठेवावे, आजारी मुलाच्या उशाशी बसावे, असा त्यांचा दिनक्रम होता. उपदेश करण्यापेक्षा करून दाखवण्यावर त्यांचा भर असे. मुलांसाठी ते हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढत. वर्गाबाहेरच्या वेळात मुलाचे मन घडते, हे साने गुरुजींनी तिथे अनुभवाने जाणले. पुढे सेवा दलाला त्यांच्याकडून जे मिळाले, त्याची सुरुवात त्या छात्रालयात आहे.

१९४० नंतर देशातले वातावरण तापले होते. महायुद्ध सुरू होते, वैयक्तिक सत्याग्रहात नेते तुरुंगात जात होते आणि धर्माच्या नावावर तरुणांना एकत्र आणणाऱ्या संघटना जोर धरत होत्या. शाळकरी मुले संध्याकाळी कोणाच्या मैदानावर जातात आणि तिथे काय ऐकतात, हा प्रश्न राष्ट्रीय चळवळीतील कार्यकर्त्यांना अस्वस्थ करत होता. सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका रांगेत उभे करणारे मैदान हवे, या निश्चयाने पुण्यात मंडळी एकत्र आली. एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, शिरुभाऊ लिमये, वि. म. हर्डीकर आणि त्यांचे सहकारी यांनी राष्ट्र सेवा दल उभे केले. दलप्रमुख म्हणून एस. एम. जोशी यांनी जबाबदारी घेतली. त्या वेळी ते ३६ वर्षांचे होते आणि नानासाहेब गोरे त्यांच्याहूनही लहान होते. संघटना तरुणांनी किशोरांसाठी काढली होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१९४१ ते १९५० : शाखा, तुरुंग आणि पंढरपूर

पहिल्या दशकात शाखेचे, म्हणजे मैदानावरच्या त्या तासाचे, जे रूप ठरले, ते थोड्याफार फरकाने आजही कायम आहे. म्हणून ते जरा तपशिलाने सांगायला हवे.

शाळा सुटून मुले घरी येत, दप्तर टाकत, चहा-पोळी खाऊन मैदानाकडे पळत. शाखानायक आधीच पोचलेला असे. तो स्वतः दहावी-अकरावीतला, म्हणजे फार तर सोळा वर्षांचा. शिट्टी झाली की रांगा लागत, हजेरी होई, झेंडावंदन होई. मग खेळ : लंगडी, खो-खो, हुतूतू, आट्यापाट्या. पाऊस नसेल तर लेझीम. अंगातला घाम वाळेपर्यंत मुले गोलात बसत आणि समूहगीत सुरू होई. त्यानंतर गोष्ट, एखादी बातमी, तिच्यावर चर्चा. शेवटी प्रार्थना आणि ‘जिंदाबाद’ करून घरी.

वरवर पाहता यात विशेष काही नाही. विशेष होते ते काम वाटून देण्यात. मैदानावर आखणी करण्यासाठी फक्कीचा डबा कोणी आणायचा, लेझमांच्या कड्या कोणी मोजायच्या, वर्तमानपत्रातली बातमी कोणी वाचून यायची, हे आदल्या दिवशी ठरलेले असे. ज्याच्यावर काम सोपवले तो चुकला तर त्याच्यावर ओरडा नसे, दुसऱ्या दिवशी तेच काम पुन्हा त्याच्याकडेच दिले जाई. एखादा मुलगा दोन-तीन दिवस दिसला नाही की शाखानायक त्याच्या घरी जाई. आई आजारी आहे, की फी भरता न आल्याने पोर तोंड लपवून बसले आहे, हे त्याला कळे. सोळा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या घरातले दुःख असे दारात उभे राहून कळत होते आणि त्यावर काहीतरी करण्याची जबाबदारीही त्याच्यावर येत होती. किशोरवयात माणूस मोठा होतो तो अशा वेळी.

मुली मैदानावर आल्या ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. चाळीतली, वाड्यातली मुलगी संध्याकाळी मुलांबरोबर कवायत करते, शिबिराला परगावी जाते, हे घरच्यांच्या पचनी पडायला वेळ लागे. अनुताई लिमये आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी घरोघर जाऊन आज्या-आयांची समजूत काढली. ‘माझ्या जबाबदारीवर नेते आणि तुमच्या दारात आणून सोडते’ एवढ्या शब्दावर मुली बाहेर पडल्या.

दल स्थापन होऊन जेमतेम वर्ष होते न होते तोच ऑगस्ट १९४२ उजाडला. ‘चले जाव’च्या हाकेबरोबर दलातील मोठी मुले भूमिगत कामात गेली. निरोप पोचवणे, पत्रके वाटणे, भूमिगतांना आसरा मिळवून देणे ही कामे किशोरांनी केली. एस. एम. जोशी ‘इमाम अली’ या नावाने वेषांतर करून वावरत होते, १९४३ मध्ये त्यांना मुंबईत अटक झाली. साताऱ्यात प्रतिसरकारच्या टापूत सेवा दलाच्या शाखांनी गावोगावचा तरुण बांधून ठेवला. नेते तुरुंगात असताना शाखा चालू राहिल्या, कारण त्या चालवणारी मुले मैदानावर होती.

तुरुंगातून बाहेर आलेले साने गुरुजी दलाच्या मुलांत रमले. गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा केला. त्यांच्याबरोबर सेवा दलाची गाणारी-नाचणारी मुले होती. सभेआधी ती गाणी म्हणत, पोवाडे गात, लोक जमत, मग गुरुजी बोलत. १ मे ते १० मे १९४७ असे त्यांचे उपोषण पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात झाले. मंदिर खुले करण्याची हमी मिळाल्यावर ते सुटले. त्या दौऱ्यात गावच्या पाटलासमोर उभे राहून समतेचे गाणे म्हणणाऱ्या पोरांना पुढे आयुष्यात कोणत्याही सभेची भीती वाटली नाही.

स्वातंत्र्यानंतर एस. एम. यांच्यासारखी समाजवादी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली, तसे सेवा दलही स्वतंत्रपणे उभे राहिले. वाटा बदलताना विचारविनिमय पुष्कळ झाला, पण शाखांचे काम अखंड राहिले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गुरुजींनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले आणि दलाच्या मुलांना वाचायला, पुढे लिहायलाही, हक्काची जागा मिळाली. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. त्या वेळी शाखेत असलेल्या पिढीने तो आघात घरच्या माणसाच्या जाण्यासारखा सोसला आणि काम पुढे नेले.

१९५१ ते १९६० : कलापथकाचे दिवस

पन्नासच्या दशकात दलाची ओळख महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात गेली ती कलापथकामुळे. वसंत बापट, लीलाधर हेगडे, राजा मंगळवेढेकर, सुधाताई वर्दे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाखेतल्या समूहगीतांना रंगमंच दिला. ‘महाराष्ट्र दर्शन’, ‘भारत दर्शन’ यांसारख्या नृत्यनाट्यांतून मुलामुलींनी कोळीनृत्यापासून इतर प्रांतांच्या नाचांपर्यंत सारे आत्मसात केले आणि गावोगाव सादर केले. पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य कलापथकासाठी लिहून दिले. तमाशाच्या बाजाला सुशिक्षित घरांत अजून मान नव्हता, त्या काळात दलाने तो प्रतिष्ठेने रंगमंचावर आणला.

कलापथकाचे दौरे म्हणजे एक फिरती शाळाच होती. कपड्यांची ट्रंक, ढोलकी, पेटी आणि पेट्रोमॅक्स घेऊन मंडळी एस.टी.ने निघत. गावच्या शाळेत मुक्काम, गावकऱ्यांच्या घरी वाटून जेवण. ज्या घरी आपण जेवतो ते कोणत्या जातीचे, हे विचारायचे नाही, असा नियम नव्हता, कारण नियम करण्याची गरजच पडत नसे. नाटकात राजा होणारा दुसऱ्या दिवशी सतरंज्या झटकी. गर्दीत मागच्या रांगेत नाचणारी मुलगी पुढच्या वर्षी नाच बसवी.

निळू फुले या मैदानावर घडले. पुण्यात माळीकाम करता करता ते दलाच्या कलापथकात आले आणि लोकनाट्यातून पुढे मराठी रंगभूमी व चित्रपटात पोचले. राम नागरकर आले आणि पुढे ‘रामनगरी’तून त्यांनी आपल्या जगण्याची कहाणी सांगितली. मुंबईत नायगावच्या गिरणगावात दादा कोंडके दलाच्या बँडमध्ये वाजवत. शाळेत मागच्या बाकावर बसणाऱ्या, घरच्या गरिबीमुळे शिक्षण तुटलेल्या कितीतरी मुलांना ‘तुला हे येते’ असे पहिल्यांदा कलापथकाने सांगितले. त्यांतले थोडे प्रसिद्ध झाले. बाकीचे कारखान्यात, शाळेत, पोस्टात, शेतावर गेले आणि तिथे आपापल्या वस्तीचा गणेशोत्सव, वाचनालय, पतपेढी चालवत राहिले.

गोवामुक्तीच्या लढ्यात दलाच्या कार्यकर्त्यांनी मोठा वाटा उचलला. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी गोव्यात शिरली. शिरुभाऊ लिमये यांच्यासह अनेकांनी पोर्तुगीजांचा तुरुंगवास भोगला. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात एस. एम. आघाडीवर होते आणि दलातून घडलेले असंख्य कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी होते. याच काळात प्रकाशभाई मोहाडीकर यांनी साने गुरुजी कथामाला उभी केली. शाळाशाळांतून गोष्टी सांगणारी ही चळवळ म्हणजे शाखेतल्या ‘गोष्टीच्या वेळे’ला फुटलेली फांदी होय.

१९६१ ते १९७० : शिबिरे आणि नवे प्रश्न

महाराष्ट्र राज्य झाले, गावोगाव हायस्कुले निघाली आणि दलाचा भर शिबिरांवर वाढला. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीतली शिबिरे ही शाखेच्या तासाची मोठी आवृत्ती असत. पहाटेची प्रभातफेरी, दुपारपर्यंत श्रमदान, संध्याकाळी खेळ, रात्री शेकोटीभोवती कार्यक्रम. गावाचा रस्ता, शाळेचे कुंपण, विहिरीतला गाळ, शेताचा बांध, असे काहीतरी हाताने करून मुले परतत. स्वयंपाक आणि संडास-सफाई पाळीपाळीने सर्वांना करावी लागे. घरी पाण्याचा तांब्याही न उचलणारा मुलगा शंभर माणसांच्या पिठल्यासाठी कांदे चिरत बसे. घरी आल्यावर तो आईच्या हातातली कळशी घेई, असे पालक कौतुकाने सांगत.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुणे पाण्याखाली गेले. चिखल उपसायला, पूरग्रस्तांना अन्न-वस्त्र पोचवायला पुण्यातल्या तरुण संघटना रस्त्यावर उतरल्या, त्यात सेवा दल होते. शिबिरात घमेले उचलायची सवय झालेल्या हातांना त्या दिवसांत काय करायचे ते सांगावे लागले नाही.

चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई किशोरवयात सेवा दलात आले होते. मुस्लिम स्त्रियांच्या हक्कांसाठी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात स्त्रियांचा मोर्चा काढणारे आणि २२ मार्च १९७० रोजी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे हेच हमीदभाई. स्वतःच्या समाजाला प्रश्न विचारण्याचे धैर्य एका दिवसात येत नाही. ज्या वयात मुलाला आपल्या माणसांची मान्यता सर्वात जास्त हवी असते, त्याच वयात वेगळे मत मांडायला आणि दुसऱ्याचे ऐकून घ्यायला शाखेच्या चर्चेत शिकता येत होते.

साठच्या दशकात शिवाजीराव आणि विद्याताई पाटील यांची मुलगी स्मिता पुण्यात दलाच्या कलापथकात नाचत-गात होती. ‘भारत दर्शन’च्या दौऱ्यांत तिने देश पाहिला. सदानंद आणि सुधाताई वर्दे यांची मुलगी झेलम तिची मैत्रीण. पुढे ओडिसी नृत्यांगना म्हणून नावाजलेल्या झेलम परांजपे यांनी आपल्या नृत्यसंस्थेला ‘स्मितालय’ हे नाव दिले. स्मिता पाटील यांनी चित्रपटात कष्टकरी बाईचे जगणे ज्या सहजतेने उभे केले, त्यात गावोगावच्या मुक्कामांचा वाटा आहे असे त्यांना ओळखणारी जुनी मंडळी मानतात.

१९७१ ते १९८० : दुष्काळ, पाणवठा, आणीबाणी

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राने विसरू नये असा होता. त्याच वर्षी महागाईविरोधात मुंबईत स्त्रियांचे मोर्चे निघाले आणि लाटणे हे त्यांचे चिन्ह झाले. त्या आंदोलनाच्या पुढाऱ्यांपैकी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते या दोघी सेवा दलातून आलेल्या. गावातल्या दलितांना सार्वजनिक विहिरीवर पाणी भरता यावे म्हणून डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ मोहीम चालवली, तेही शाळकरी वयापासूनचे सेवा दल सैनिक. शिबिरात एका पंगतीला बसण्याचा जो धडा मिळाला होता, तो त्यांनी गावच्या विहिरीपर्यंत नेला.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. मृणालताई, प्रमिलाताई, मधू दंडवते, बापू काळदाते यांच्यासह दलाच्या परिवारातील अनेकांनी तुरुंगवास सोसला. ज्या घरांतले आईवडील आत होते, त्या घरांतल्या मुलांना शाखेतल्या ताई-दादांनी सांभाळले. १९७७ नंतर राजकारणाने अनेक जुन्या सैनिकांना ओढून घेतले. पक्ष आणि संघटना यांचे नाते कसे असावे यावर दलात दीर्घ विचार झाला आणि सेवा दलाने आपले मूळ काम किशोर आणि तरुणांचेच राहील, हे कायम ठेवले. राष्ट्रीयता, लोकशाही, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि विज्ञाननिष्ठा ही पाच मूल्ये शाखेच्या कामाचा पाया म्हणून रुजली.

१९८१ ते १९९० : बदलती संध्याकाळ

ऐंशीच्या दशकात घरात दूरदर्शन आले, गल्लोगल्ली शिकवण्या सुरू झाल्या आणि शहरांतली मैदाने आक्रसू लागली. दहावीचे वर्ष म्हणजे घरात कर्फ्यू, अशी पद्धत पडली. रोजच्या शाखा भरवणे कठीण झाले. कार्यकर्त्यांनी काही ठिकाणी साप्ताहिक शाखा, काही ठिकाणी अभ्यासिका आणि वाचनालय, तर काही ठिकाणी सुटीतले छंदवर्ग असे मार्ग काढले. महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे प्रश्न हाती घेणारी छात्रभारती याच काळात उभी राहिली.

२४ डिसेंबर १९८५ रोजी, साने गुरुजींच्या जयंतीला, बाबा आमटे यांची भारत जोडो यात्रा कन्याकुमारीहून निघाली. तिच्यामागे यदुनाथ थत्ते आणि दलाच्या परिवाराचे बळ उभे होते. सायकलवरून देश ओलांडलेली मुले परतल्यावर शाखाशाखांत अनुभव सांगत फिरली.

पूर्णवेळ कार्यकर्त्याचे घर चालायचे कसे, हा सामाजिक कामातला जुना प्रश्न. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सहकारी कलावंतांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसा उभा केला. कार्यकर्त्यांना मानधन देणारा हा निधी परिवर्तनाच्या चळवळीला मोठा आधार ठरला. कलापथकातून वर आलेल्या नटाने आपली कला पुन्हा कार्यकर्त्यांच्या पाठीशी उभी केली, याचा दलाला अभिमान आहे.

१ एप्रिल १९८९ रोजी एस. एम. गेले. पहिले दलप्रमुख अखेरपर्यंत मुलांच्या शिबिरांची चौकशी करत.

१९९१ ते २००० : आपलं घर

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतील दंगलींनी दलाच्या कार्यकर्त्यांना हलवून सोडले. शांतता समित्या, वस्त्यांतले मेळावे आणि दोन्ही समाजांच्या मुलांचे एकत्र खेळ यांतून मोडलेला विश्वास सांधण्याचा प्रयत्न झाला. मोठ्यांच्या बैठकीला न येणारी माणसे मुलांचा कार्यक्रम बघायला येतात, हा अनुभव कार्यकर्त्यांनी पुन्हा घेतला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. आईवडील गमावलेल्या मुलांसाठी पन्नालाल सुराणा आणि सहकाऱ्यांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभे केले. अनाथाश्रम हा शब्द त्यांनी टाळला आणि तसे वातावरणही टाळले. मुले स्वतःची कामे स्वतः करतात, मोठी लहानांना सांभाळतात, खेळ, गाणी, वाचन यांना रोजच्या दिनक्रमात जागा आहे. म्हणजे शाखेची रीत इथे चोवीस तासांची झाली. ढिगाऱ्यातून बाहेर काढलेल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला कोणी तरी सतत दया दाखवावी, याहून जास्त गरज असते ती कोणीतरी त्याच्यावर अवलंबून असण्याची. झाडाला पाणी घालणे, धाकट्याचे दप्तर भरणे, एवढ्यानेही ते मूल सावरते. भूकंपातली मुले मोठी होऊन संसाराला लागली आणि त्यांच्या जागी निराधार, वंचित घरांतली दुसरी मुले आली.

साने गुरुजींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९८-९९ मध्ये महाराष्ट्रभर कार्यक्रम झाले. रायगड जिल्ह्यात माणगावजवळ वडघर येथील गुरुजींच्या राष्ट्रीय स्मारकाचे काम याच प्रेरणेतून उभे राहिले.

२००१ ते २०१० : नवी माध्यमे, जुनी गरज

नव्या शतकात किशोरांचे जग वेगाने बदलले. मोबाइल आला, स्पर्धा परीक्षा आल्या, आईवडील दोघेही कामावर जाणारी घरे वाढली. शाळा सुटल्यानंतर मुलगा कुठे असतो हा प्रश्न १९४१ पेक्षा जास्त टोकदार झाला. शहरांतल्या वस्त्यांत अभ्यासिका, ग्रामीण भागात निवासी शिबिरे, मुलींसाठी आरोग्य आणि आत्मविश्वासाचे वर्ग, पथनाट्य व माध्यम कार्यशाळा असे कामाचे रूप झाले. वडघरचे स्मारक आणि पनवेलजवळ तारा येथील युसुफ मेहेरअली सेंटर ही शिबिरांसाठी हक्काची ठिकाणे ठरली.

वस्तीतल्या अभ्यासिकेत आजही एक दृश्य दिसते. नववीतली मुलगी सहावीतल्या मुलांना अपूर्णांक शिकवते. ती स्वतः गणितात कच्ची होती. शिकवायचे म्हणून तिने आधी स्वतः समजून घेतले. परीक्षेत तिचे गुण वाढले, पण त्याहून मोठी गोष्ट घडली ती घरी. ‘इतक्यात लग्न नको, मला शिकायचंय’ हे तिने वडिलांसमोर स्पष्ट आवाजात सांगितले आणि कार्यकर्त्या ताई घरी जाऊन बसल्यावर वडिलांनी ते मान्य केले. असे प्रसंग अनेक वस्त्यांतल्या कार्यकर्त्यांनी पाहिले आहेत.

२०११ ते २०१६ : अमृतमहोत्सवापर्यंत

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी साने गुरुजी स्मारकात दलाचे मध्यवर्ती कार्यालय आहे. तिथून महाराष्ट्रातल्या आणि इतर राज्यांतल्या कामाची जोडणी होते. उन्हाळी व दिवाळी शिबिरे, कलापथक, युवा अभ्यासवर्ग, वस्तीपातळीवरील अभ्यासिका, सद्भावना सहली आणि संविधानाची ओळख करून देणारे उपक्रम या काळात चालू होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. त्यानंतर विज्ञाननिष्ठेची बाजू निर्भयपणे मांडणाऱ्या तरुणांना दलाने सोबत दिली. प्रश्न विचारायला शिकलेला किशोर ही आजच्या काळाची मोठी गरज आहे.

पंचाहत्तर वर्षांच्या अनुभवातून दलाच्या हाती आलेले निष्कर्ष साधे आहेत. किशोरवयीन मुलाला आईवडील आणि शिक्षक यांच्याखेरीज विश्वासाचा एक ताई-दादा लागतो, जो गुण विचारत नाही आणि चुगलीही करत नाही. त्याला आपल्याहून वेगळ्या घरातले मित्र लागतात, कारण वेगळेपणाची भीती एकत्र खेळल्याशिवाय जात नाही. त्याच्या शरीरात उसळणारी ताकद खेळात, नाचात, श्रमात खर्ची पडली तर ती भांडणात जात नाही. आणि सर्वात महत्त्वाचे, त्याच्यावर खरे काम सोपवावे लागते. बिघडले तर बिघडू देण्याची तयारी ठेवून सोपवावे लागते. मोठ्यांनी सगळे आखून दिलेल्या कार्यक्रमात मुले येतात आणि जातात. स्वतः चालवलेल्या शाखेतली मुले राहतात.

ऋणनिर्देश आणि पुढची वाट

या लेखात जी नावे आली, त्यांच्यामागे असंख्य माणसे उभी आहेत. शाखेसाठी अंगण देणारे घरमालक, शाळेचे मैदान उघडे ठेवणारे मुख्याध्यापक, शिबिरासाठी धान्य देणारे शेतकरी, कलापथकाला ओसरी देणारे गावकरी, पगारातून दरमहा वर्गणी देणारे जुने सैनिक, आणि पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या घरांतल्या स्त्रिया, ज्यांनी घर सांभाळले म्हणून बाहेरचे काम झाले. भाऊसाहेब रानडे यांच्यासारख्या संघटकांनी उभ्या केलेल्या घडीत अनेक पिढ्यांनी भर घातली. हे श्रेय कोणा एकाचे नाही आणि कोणी ते एकट्याचे म्हणून मागितलेही नाही.

सर्व जुन्या सैनिकांना एक आवाहन आहे. स्मृती जागवायला मेळावे जरूर व्हावेत, पण आठवड्यातली एक संध्याकाळ आपल्या वस्तीतल्या मुलांसाठी द्यावी. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून मैदान एका तासासाठी मागावे. सुरुवातीला पाच मुले आली तरी पुरे. त्यांतल्या सर्वात मोठ्या मुलीच्या किंवा मुलाच्या हाती शिट्टी द्यावी, कामे वाटू द्यावीत आणि आपण बाजूला बसावे. दलाचे शताब्दी वर्ष २०४१ मध्ये येईल. त्या वर्षी जे शाखा चालवतील, ते आज अगदी लहान आहेत किंवा अजून जन्मायचे आहेत. त्यांना शाखेत आणणारे ताई-दादा मात्र आज शाळेत आहेत आणि त्यांच्यासाठी मैदान उघडण्याचे काम आपले आहे.